पाळी अनियमित आहे हे कसं ओळखायचं आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

पाळीच्या तक्रारीसाठी दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? उत्तर बहुतेक वेळा सणावरून येतं. गौरी बसायच्या आदल्या दिवशी आली होती, किंवा संक्रांतीचं हळदीकुंकू झालं त्याच आठवड्यात. त्याआधीची कधी, हे मात्र आठवत नाही. मग डॉक्टर एकतर अंदाजाने औषध देतात, नाहीतर तीन महिने तारखा लिहून या असं सांगून परत पाठवतात. पाळी बिघडण्यामागे थायरॉइडपासून क्षयरोगापर्यंत अनेक कारणं असू शकतात. त्यातलं आपलं कोणतं, याचा बराचसा उलगडा लिहून ठेवलेल्या तारखांवरून होतो. त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

दिवस कुठून कुठपर्यंत मोजायचे

ज्या दिवशी नीट रक्तस्राव सुरू झाला, तो पहिला दिवस. आदल्या दिवशी नुसता तपकिरी डाग दिसला असेल तर तो धरायचा नाही, पण वेगळा लिहून ठेवायचा. या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत जितके दिवस गेले, तितक्या दिवसांचं तुमचं चक्र. अनेकजणी पाळी संपल्यापासून मोजतात. तसं केलं की चार-पाच दिवस कमी भरतात आणि पाळी लवकर येते अशी उगाच काळजी लागते.

समजा पाळी ४ मार्चला आली, नंतर १ एप्रिलला, मग ६ मे आणि २९ मे. चक्रं झाली २८, ३५ आणि २३ दिवसांची. सर्वांत लांब आणि सर्वांत छोट्या चक्रात १२ दिवसांचं अंतर आहे. प्रौढ बाईच्या बाबतीत हे अनियमित धरायचं.

प्रौढ वयात २४ ते ३८ दिवसांचं चक्र सर्वसाधारण मानतात. रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत चालू शकतो. सर्वांत लांब आणि सर्वांत छोट्या चक्रातला फरक २६ ते ४१ या वयात सात दिवसांपर्यंत आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे नऊ दिवसांपर्यंत चालतो. हे प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ठरवलेले निकष आहेत. म्हणजे बरोबर २८ दिवसांनीच पाळी यायला हवी असं काही नाही.

दोन तक्रारी फार ऐकू येतात. एक म्हणजे, दर महिन्याला चार-पाच दिवस आधीच येते. हे २६ दिवसांचं चक्र झालं आणि ते निरोगी आहे; महिना ३० किंवा ३१ दिवसांचा असल्यामुळे तारीख मागे सरकत राहते. दुसरी, या महिन्यात दोनदा आली. ३ तारखेला येऊन पुन्हा ३० तारखेला आली असेल तर मध्ये २७ दिवस गेलेले आहेत, त्यात काही बिघाड नाही. पण ३ तारखेनंतर १७ तारखेला आली असेल तर ती नोंद महत्त्वाची आहे.

तारखेबरोबर आणखी काय लिहायचं

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोल करायची पद्धत चांगली आहे, पण वर्ष संपलं की ते कॅलेंडर रद्दीत जातं. एक छोटी वही किंवा मोबाइलमधली नोंद टिकते. मोबाइलवर पाळीची खास ॲप असतात. त्यांचा नोंदीसाठी उपयोग करावा. पुढची तारीख आणि गर्भधारणेचे दिवस ती मागच्या चक्रांवरून अंदाजाने सांगतात, आणि चक्रच अनियमित असेल तर तो अंदाज चुकतो.

रोज दोन गोष्टी लिहा: किती पॅड बदलले आणि ते पूर्ण भिजले होते की अर्धे. अंगावरून खूप जातं एवढ्यावरून डॉक्टरांना मोजमाप होत नाही. दिवसाला सहा पूर्ण भिजलेले पॅड आणि रात्री एकदा उठून बदलावं लागलं, यावरून होतं. कापड वापरत असाल तर किती घड्या बदलल्या ते लिहा. कप वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे, कारण बऱ्याच कपांवर मिलीलिटरच्या खुणा असतात. एका पाळीत एकूण ८० मिलीलिटरच्या वर गेलं तर रक्तस्राव जास्त आहे. गाठी पडत असतील तर त्यांचा आकार लिहा. साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी वारंवार पडणं हे जास्त रक्तस्रावाचं लक्षण आहे.

याखेरीज दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसले का, संबंधानंतर रक्त गेलं का, दुखण्यामुळे शाळा, काम किंवा शेतावर जाणं बुडलं का, हे त्या त्या तारखेसमोर लिहा. त्या काळात घेतलेली औषधंही. औषधांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

वयाप्रमाणे मोजपट्टी बदलते

पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीला आईच्या मोजपट्टीने मोजू नये. पहिल्या वर्षात चक्र बरंच मागेपुढे होतं. त्यानंतर, सुरुवातीची तीन वर्षं होईपर्यंत, २१ ते ४५ दिवसांचं चक्र चालतं, कारण दर महिन्याला बीज बाहेर पडण्याची व्यवस्था अजून बसत असते. मात्र पहिल्या वर्षानंतर एकदाही ९० दिवसांहून मोठा खंड पडला, तर दाखवावं. १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा १३ वर्षांपर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही, तर थांबू नये. आणखी एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवावी. मुलगी १४-१५ वर्षांची आहे, पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला ठरावीक दिवसांत ओटीपोटात जोराने दुखतं. अशा वेळी योनिमार्ग पडद्याने बंद असल्यामुळे रक्त आत साठत असू शकतं. छोट्या शस्त्रक्रियेने हे बरं होतं, पण आधी ते कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं.

पहिल्या काही पाळ्यांपासूनच अति रक्तस्राव होणाऱ्या मुलीचं हे वयच आहे म्हणून सोडून देऊ नका. नाकातून वारंवार रक्त येतं का, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, हे विचारा. वॉन विलेब्रँड या आजारात रक्त गोठण्यात जन्मतःच उणीव असते आणि तो पहिल्यांदा अनेकदा पाळीतूनच उघड होतो.

चाळिशीनंतर चक्र आधी आखूड होऊ लागतं, मग लांबत जातं. सलग १२ महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं म्हणायचं. भारतात हे साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास होतं. चाळिशीच्या आतच गेली, तर ते वयाचं समजून स्वस्थ बसू नये, कारण हाडांवर आणि हृदयावर त्याचा परिणाम होतो.

नोंदींवरून काय कळतं

चक्र सतत ४०, ५०, ७० दिवसांचं असेल, हनुवटीवर किंवा ओठांवर राठ केस येत असतील, मुरुमं कमी होत नसतील, मानेवर काळपट पट्टा दिसत असेल, तर पीसीओएसचा, म्हणजे हॉर्मोनच्या बिघाडामुळे बीज वेळच्या वेळी बाहेर न पडण्याच्या त्रासाचा विचार होतो. आपल्याकडे यालाच सर्रास पीसीओडी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के बायकांना हा त्रास असतो. पाळी येत नाही म्हणजे कटकट नाही, असं बऱ्याच मुलींना वाटतं. पण बीज बाहेर पडत नसेल तर गर्भाशयाचं आतलं अस्तर नुसतं वाढत राहतं. वर्षानुवर्षं ते तसंच राहिलं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणूनच तीन-तीन महिने खंड पडू लागला की डॉक्टर गोळ्या देऊन पाळी आणवतात. वजन जास्त असलेल्या बाईचं वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकदा पाळी आपोआप सुधारते. पीसीओएस सडपातळ मुलींनाही होतो हे विसरू नका.

पाळी पूर्वी नियमित होती आणि हळूहळू थांबली, तर वजन आणि खाणं तपासा. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या, दुपारी अभ्यासिकेत बसणाऱ्या आणि दिवसभरात चहा-बिस्किटांवर राहणाऱ्या कितीतरी मुलींची पाळी अशी थांबते. शरीराला उर्जा कमी पडली की मेंदू बीजकोशांकडे जाणारे संदेश कमी करतो. अशा वेळी हॉर्मोनच्या गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव घडवून आणला तरी मूळ दुखणं तसंच राहतं. पोटभर जेवण आणि सरावाला थोडी विश्रांती हाच खरा उपाय. हाडं मजबूत होण्याच्या वयात असं वर्षभर चाललं तर ती ठिसूळ होतात आणि सरावात पायाच्या हाडाला तडा जाऊ शकतो.

पाळी लांबली आहे आणि मूल नसताना किंवा अंगावरचं दूध तुटल्यानंतरही स्तनांतून दुधासारखा स्राव येतो, तर प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन वाढलेलं असू शकतं. सोबत डोकेदुखी असेल आणि बाजूचं कमी दिसत असेल तर लवकर जा. प्रोलॅक्टिन वाढवणारी औषधंही आहेत. डोम्पेरिडोन हे त्यातलं एक, आणि पित्तावर म्हणून मिळणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये ते दुसऱ्या औषधासोबत असतं. लेव्होसल्पिराइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधं हेच करतात. मात्र मानसिक आजाराचं औषध स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच विचारा.

रक्तस्राव दर महिन्याला कमी कमी होत नुसत्या डागांवर आला आहे, मूलही राहत नाही, अशी नोंद असेल तर आपल्या देशात गर्भाशयाच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. क्युरेटिंगनंतर, म्हणजे गर्भाशय आतून खरवडून साफ केल्यानंतर असं झालं असेल तर आतलं अस्तर चिकटलेलं असू शकतं.

तारीख ठरलेली, पण रक्तस्राव खूप आणि लांबणारा, असं असेल तर गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी, अस्तरातला पॉलिप (छोटी लोंबती वाढ), गर्भाशयाच्या भिंतीत शिरलेलं अस्तर, तांबी ही कारणं पाहतात. थायरॉइड यातल्या कुठल्याही प्रकारात सापडू शकतो, म्हणून त्याची तपासणी जवळजवळ सगळ्यांनाच सांगतात.

मग गर्भनिरोधकांचं. सरकारी केंद्रात मिळणारं अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घेतात. त्याने सुरुवातीला मधेमधे डाग दिसतात आणि पुढे पाळी बंदही राहू शकते. छाया गोळीने पाळी लांबू शकते. संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीने पाळी आठवडाभर मागेपुढे होते. आणि सणासुदीला, लग्नात किंवा वारीत पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी घेतली असेल, तर त्या महिन्याचं चक्र अनियमिततेत धरू नका, पण नोंद ठेवा. पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठत असेल तर ही गोळी डॉक्टरांना न विचारता मुळीच घेऊ नये. मैत्रिणीला चालली म्हणून आपल्याला चालेलच असं नाही.

सगळ्यात आधी लघवीची तपासणी

पाळी चुकली आणि दिवस राहण्याची थोडी जरी शक्यता असेल, तरी पहिली तपासणी गर्भधारणेची. तांबी असो, नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली असो, वय ४५ असो, किंवा बाळ अंगावर पीत असो. बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात. तपासणीची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते. आशाताईंकडे निश्चय किट असतं. सकाळची पहिली लघवी घ्या. उत्तर नकारार्थी आलं आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा.

ही तपासणी केल्याशिवाय पाळी आणायच्या गोळ्या घेऊ नका. गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून आणून घरच्या घरी घेणं तर फारच धोक्याचं आहे, कारण गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही आणि नळी फुटू शकते. पपई, तीळ, गुळाचा काढा यांनीही थांबलेल्या पाळीचं कारण दूर होत नाही, आणि त्यात दोन-तीन महिने सहज निघून जातात.

कधी जायचं

लगेच, रात्र असली तरी:
- तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि सलग दोन तासांहून जास्त वेळ असं चाललंय, किंवा रक्तस्रावासोबत चक्कर येते, घाम फुटतो, उभं राहवत नाही.
- पाळी चुकली आहे किंवा दिवस राहिल्याचं माहीत आहे, आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतं, खांद्याच्या टोकाशी दुखतं किंवा भोवळ येते. थोडेच डाग असले तरी जा.
- बाळंतपण, गर्भपात किंवा क्युरेटिंगनंतर ताप, ओटीपोटात दुखणं आणि घाण वासाचा स्राव.

१०८ ला फोन करा. पोहोचल्यावर शेवटच्या पाळीची तारीख सगळ्यात आधी सांगा.

त्याच आठवड्यात जायची कारणं अशी: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, मग ते एक थेंब असो. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण कर्करोग नाही ना हे तपासल्याशिवाय असा रक्तस्राव सोडून देत नाहीत. वेळेवर सापडलेला अस्तराचा कर्करोग बरा होतो. संबंधानंतर रक्त जाणं, आठ दिवस उलटले तरी न थांबणारी पाळी, आणि रक्तस्रावासोबत जिना चढताना लागणारी धाप, छातीत धडधड, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, ही याच रांगेतली लक्षणं. शेवटची तीन रक्त कमी झाल्याची खूण आहेत. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे, आणि पाळीत जास्त रक्त जाणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

पुढच्यापैकी काही असेल तर महिन्याभरात वेळ काढावा: नियमित पाळी तीन महिने आली नाही, आधीपासून अनियमित असलेली सहा महिने आली नाही, प्रौढ वयात सलग तीन चक्रं २४ दिवसांच्या आत किंवा ३८ च्या पुढे गेली, दोन पाळ्यांच्या मध्ये वारंवार डाग दिसतात, किंवा पूर्वी नव्हतं इतकं दुखू लागलं. परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या काळात एखादी पाळी आठ-दहा दिवस लांबली, दिवस राहिलेले नाहीत आणि पुढची वेळेवर आली, तर फक्त लिहून ठेवा.

दवाखान्यात

प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भधारणेची आणि हिमोग्लोबिनची तपासणी होते. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी लागली तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. किशोरवयीन मुलांमुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं. पाळी चालू आहे म्हणून जाणं पुढे ढकलू नका. जास्त रक्तस्राव हीच तक्रार असेल तर त्याच दिवसांत दाखवणं उपयोगी पडतं.

अविवाहित मुलींना आतून तपासतील याची भीती असते. संबंध आलेले नसतील तर सहसा आतून तपासत नाहीत. सोनोग्राफी पोटावरून करतात. त्यासाठी लघवी साठलेली लागते, म्हणून तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यावं. तपासताना नर्स किंवा आपलं माणूस खोलीत हवं असेल तर तसं सांगायचा हक्क आहे. आयांना एक विनंती: थोडा वेळ बाहेर बसा. काही प्रश्नांची खरी उत्तरं मुलगी तुमच्यासमोर देऊ शकत नाही, आणि त्या उत्तरांशिवाय डॉक्टरांचं निदान चुकू शकतं.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन ह्या प्राथमिक. प्रोलॅक्टिनसाठी सकाळी, उठल्यावर काही वेळाने, धावपळ न करता रक्त द्यावं; ताणामुळे आकडा वाढतो. एफएसएच आणि एलएच (बीजकोशांना चालना देणारी हॉर्मोन) सांगितले असतील तर बहुधा पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी जायचं असतं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर प्रयोगशाळेत सांगा, कारण त्यांनी थायरॉइडचे आणि इतर हॉर्मोनचे आकडे चुकतात. त्या दोन-तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. पीसीओएसचं निदान झालं तर साखरेची तपासणीही मागून घ्या.

सोनोग्राफीच्या कागदावर पीसीओडी छापून आलं म्हणून घाबरू नका. कोवळ्या वयात बीजकोशांत अनेक छोट्या पिशव्या दिसणं नेहमीचं आहे. पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत नुसत्या सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तारखा आणि अंगावरची लक्षणं काय सांगतात, ते जास्त मोलाचं.

गर्भाशयाची पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातं, पाळी अनियमित आहे अशा तक्रारींसाठी गेलेल्या तरुण बायकांना कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी होत्या. पाळी आली की कामाचा दिवस बुडतो आणि मुकादम दंड कापतो, हेही त्यामागे होतं. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना दिला.

शस्त्रक्रिया काही बायकांना खरोखर लागते, याबद्दल वाद नाही. पण नुसत्या अनियमित पाळीसाठी ती पहिला उपाय असू शकत नाही. पाळीच्या दिवसांत घ्यायची, रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी, हॉर्मोनच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं साधन, फक्त गाठ काढणं, हे मार्ग आधी आहेत. म्हणून विचारा: माझ्या आजाराचं नाव काय? चाळिशीच्या पुढे असाल तर, अस्तराचा तुकडा तपासला का? औषधांनी किती महिने वाट पाहता येईल? बीजकोश ठेवणार की काढणार? तेही काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात. ठेवले तरी पाळी जाण्याचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं. सांगितलेलं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया झालीच, तर काढलेल्या भागाचा प्रयोगशाळेतला अहवाल मागून घ्या, आणि बीजकोश व गर्भाशयाचं तोंड ठेवलं की काढलं हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय ना ते पाहा. तोंड ठेवलं असेल तर त्याच्या कर्करोगाची तपासणी पुढेही करत राहावी लागते.